खेळातील बाजार आणि सौद्याचे नियम
(इयत्ता चौथी व पाचवी : गणित व परिसर अभ्यास यांचा संयुक्त पाठ)

बालकांच्या खेळात दुकान हा विषय नवा नाही. भातुकलीत पानांचे पैसे होतात, मातीचा गूळ होतो आणि सौदा पटला नाही तर रुसवाही होतो. शाळेतील बालआनंद मेळाव्यात मुले भाजी व खाऊ विकून हिशोब शिकतात. परंतु या खेळांतील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे सौद्याचा नियम. भाव कोणी सांगावयाचा, तराजू कोणाच्या हाती असावयाचा, विकणाऱ्यास नकार देता येईल की नाही, हे खेळापूर्वीच ठरून गेलेले असते, आणि बेरीज-वजाबाकीबरोबर मूल हा न बोललेला नियमही शिकते. आलापल्ली परिसरातील शाळांना हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. येथील कित्येक घरी मोहफुले वेचली जातात, तेंदूपाने तोडली जातात आणि तो माल विकूनच मीठमिरची घरात येते.

नियमाचे सामर्थ्य

एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’ नावाच्या खेळाचे पेटंट घेतले. जमिनीचे भाडे थोड्यांच्या हाती कसे साठत जाते हे लोकांना दाखवून द्यावे, हा त्यांचा हेतू होता. त्याच घराण्यातील ‘मोनोपॉली’ हा खेळ १९३५ पासून सर्वत्र पसरला. त्यात मात्र इतरांचे दिवाळे काढणारा विजयी ठरतो. आपल्याकडे घरोघर खेळला जाणारा ‘व्यापार’ त्याच जातीचा. पट जवळजवळ तोच. पण शिकवण पालटली.

दुसरे उदाहरण बैठ्या भूमिकाखेळांचे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. यात प्रत्येक खेळगडी एखाद्या पात्राची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो, आणि पात्रांना शस्त्रे, दोर, कंदील, शिधा विकत घ्यावा लागतो. या खेळाच्या अलीकडील आवृत्त्यांत असा नियम आहे की, वापरलेली वस्तू विकावयास नेल्यास अर्धीच किंमत मिळते. धान्य, मीठ, कापड यांसारख्या व्यापारी मालास मात्र पूर्ण किंमत मिळते. नियमास कारण आहे. विकत घेतलेली वस्तू त्याच भावाने परत विकता आली, तर दुकानदारास काहीच उरणार नाही. आणि सापडेल ते विकून खेळगडी झटपट श्रीमंत झाले, तर खेळातील साहसाची गोडी जाईल. तथापि हे कारण न सांगता तोच नियम मोहफुले वेचणाऱ्याच्या मुलापुढे ठेवला, तर विकणाऱ्याच्या वाट्याला निम्मेच यावयाचे, असा समज त्याच्या मनात रुजेल. म्हणून नियम आधी खेळून पाहावा, मग तपासावा, मग बदलावा, असा या पाठाचा क्रम आहे.

साहित्य व पूर्वतयारी

एक तराजू, एक व दोन किलोची वजने, वाळूच्या पिशव्या (मोहफुले, चारोळी व मीठ अशी नावे लिहिलेल्या), चिंचोके आणि फळा एवढे साहित्य पुरे. एक चिंचोका म्हणजे एक रुपया. वर्गाचे चार गट करावेत : वेचणारे, व्यापारी, ग्रामसभेचे मोजणीदार आणि हिशोबनीस. शिक्षकाने सूत्रधार व्हावे. वेचणाऱ्यांजवळ बारा किलो मोहफुले व दोन किलो चारोळी असावी. खेळापुरते भाव असे धरावेत : मोहफुले किलोस २०, चारोळी १०० आणि मीठ २० चिंचोके. खरे भाव मुलांनी आठवडी बाजारात विचारून आणावेत. तेंदूपानांच्या एका पुड्यात किती पाने मोजतात, हेही घरी विचारून यावे.

खेळाच्या तीन फेऱ्या

पहिली फेरी : मापास माप. शेजारच्या बस्तरात मिठाच्या बदल्यात चारोळी घेण्याची चाल पुष्कळ काळ होती. या फेरीत दोन किलो चारोळी देऊन दोन किलो मीठ घ्यावे. हिशोबनिसांनी फळ्यावर मांडावे : दिले २०० चे, मिळाले ४० चे, तूट १६०. तराजूची दोन्ही पारडी सारखी असूनही सौदा सारखा का झाला नाही, हा प्रश्न मुलांनाच विचारावा.

दुसरी फेरी : अर्धा भाव. व्यापाऱ्याने तराजू स्वतःकडे ठेवावा, बारा किलो मोहफुले दहाच किलो धरावीत व किलोस दहा चिंचोके द्यावेत. वेचणाऱ्यास १०० मिळतील. खरा हिशोब २४० चा. तूट १४०. यापैकी वजनातील तूट २ × २० म्हणजे ४०, आणि भावातील तूट १० × १० म्हणजे १००. तूट कोठे झाली हे वेगळे काढता येणे, हे या पाठाचे मुख्य गणित आहे. ज्याला ते काढता येते, तो पुढे पावती वाचू शकतो.

तिसरी फेरी : उघडा भाव. यासाठी चार नियम फळ्यावर लिहावेत. (१) भाव सौद्यापूर्वी सर्वांना दिसेल असा लिहावा. (२) वजन दोघांच्या देखत, मोजणीदाराने करावे. (३) विकणाऱ्यास नकार देऊन माल परत नेण्याची मोकळीक असावी. (४) प्रत्येक सौद्याची नोंद होऊन तिची प्रत विकणाऱ्यास मिळावी. यात शिक्षकाने किमान आधारभावाचा नियमही जोडावा. काही गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना केंद्र शासनाने २०१३-१४ पासून सुरू केली आहे, हे त्या वेळी सांगावे.

जिल्ह्यातील खरे उदाहरण

नियम बदलता येतात, हे मुलांना याच जिल्ह्यातील घटनेवरून पटेल. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु बांबूच्या वाहतुकीचा परवाना हाती नसल्याने हक्क असूनही बांबू बाहेर विकता येईना. २७ एप्रिल २०११ रोजी परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली, आणि त्यानंतर गावास आपला बांबू स्वतः विकता आला. खेळात ‘परवाना’ अशी एक चिठ्ठी करावी. ती एकदा व्यापाऱ्याकडे व एकदा ग्रामसभेकडे देऊन सौद्यात काय फरक पडतो, ते पाहावे.

मापांविषयी सूचना

गावात पायलीने मोजण्याची सवय अद्याप आढळते. एक पायली धान व तीच पायली भरून सुकी मोहफुले निरनिराळी तोलून दाखवावीत. माप तेच, वजन वेगळे, हे डोळ्यांनी दिसेल. ओली मोहफुले आज तोलून चार दिवस वाळवून पुन्हा तोलावीत. ओल्या व सुक्या मालाचा भाव निराळा का, याचे उत्तर तराजूच देईल.

शिक्षकांनी घ्यावयाची काळजी

घासाघीस मुलांनी माडिया, गोंडी, तेलुगू वा ज्या भाषेत घरी बोलतात त्या भाषेत करावी. नोंद मात्र मराठीत व्हावी. प्रत्येक फेरीत भूमिका बदलाव्यात, म्हणजे कोणतेही मूल कायमचे व्यापारी वा कायमचे वेचणारे होणार नाही. कोणाच्या घरच्या मिळकतीची चौकशी वर्गात करू नये. व्यापाऱ्यास खलनायक ठरविणेही इष्ट नव्हे. गाडीभाडे, साठवण व नासाडी हा त्याचा खर्च खरा आहे. तोही फळ्यावर मांडावा आणि रास्त नफा किती, याची चर्चा मुलांकडून करवावी.

पडताळा

पाठ संपल्यावर प्रत्येक गटाने सौद्याचा एक नवा नियम लिहावा, आणि त्यामुळे कोणास लाभ व कोणास तोटा होईल हे आकड्यांनी दाखवावे. पुढील आठवडी बाजारास जाताना मुलांनी भाव, वजन व रक्कम ही तीन रकान्यांची नोंद करून आणावी. वडीलधाऱ्यांच्या सौद्यात मुलांनी बोलू नये. केवळ पाहावे व टिपावे. टिपलेले आकडे वर्गात जुळले तर पाठ साधला असे समजावे, न जुळले तर तूट वजनात आहे की भावात, हे मुलांनीच शोधून काढावे.