वरणानं टाके पिकत नाहीत

माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन नागपुरात झालं. खापरखेड्याला घरी आल्यावर भेटायला येणारी प्रत्येक बाई पथ्य सांगून गेली. “वरण देऊ नका, टाके पिकतात.” “अंडं तर बिलकुल नाही, उष्ण असते.” सासूबाईंनी काळजीपोटी सगळं पाळलं. ताटात साबुदाण्याची पेज, मऊ भात आणि वरणावरचं निवळ पाणी. पोट भरायचं, पण उठून बसलं तरी दम लागायचा. टाके निघाले, तरी जखमेचं एक टोक उघडंच. पट्टी ओली व्हायची.

ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टरांनी तपासण्या केल्या. साखर ठीक होती, जंतुसंसर्ग नव्हता. मग त्यांनी विचारलं, “जेवता काय?” उत्तर ऐकून त्यांनी त्याच दिवशी पथ्य सोडायला सांगितलं.

जखम सांधते ती कोलॅजनच्या धाग्यांनी. हे धागे शरीर प्रथिनांतून विणतं आणि क जीवनसत्त्वाशिवाय ते पक्के होत नाहीत. ताटातून प्रथिनं आली नाहीत, तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं. पू होतो जंतूंमुळे, आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशींनाही प्रथिनंच लागतात. म्हणजे ज्या भीतीनं आपण वरण बंद करतो, तीच भीती खरी व्हायची वाट मोकळी करतो.

निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 0.8 ग्रॅम प्रथिनं पुरतात, ऑपरेशननंतर 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात. 60 किलोच्या बाईला 72 ते 90 ग्रॅम. साबुदाण्यात ती जवळपास नसतातच. एका अंड्यात 6 ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढीच, 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत 12-13. सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या विदर्भात या वड्या आजाऱ्याच्या ताटात दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. डाळीतली बहुतेक प्रथिनं तळाच्या गाळात राहतात, वरच्या पाण्यात फारशी नसतात.

मी घट्ट वरण, बिनतिखटाचं पिठलं, उकडलेली अंडी, दही आणि रोज संत्री सुरू केली. जखम हळूहळू कोरडी पडली. मटणही चालतं, पण सुरुवातीला सावजी तर्री नको. पोट बिघडलं तर खाल्लेलं अंगी लागत नाही.

किडनीचा त्रास असेल तर हे प्रमाण स्वतः ठरवू नका. बाकीच्यांनी दवाखान्यातून सुट्टी मिळताना गोळ्यांबरोबर जेवणाचीही चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ती घरच्या मोठ्यांना वाचून दाखवा.