स्फुरदाची खाण आणि शेतातील माती

जून २०२३ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने देशासाठी महत्त्वपूर्ण ठरणाऱ्या ३० खनिजांची यादी जाहीर केली. लिथियम, कोबाल्ट, निकेल ही त्यातील नावे विद्युत वाहनांच्या निमित्ताने सर्वांच्या कानी पडली. त्याच यादीत स्फुरद आणि पालाशही आहेत, याकडे मात्र कृषिक्षेत्राचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. खनिजांचे उत्खनन आणि निसर्गाचे संवर्धन यांतील ओढाताण ही कोठल्या तरी दूरच्या जंगलाची गोष्ट नसून, ती खताच्या गोणीतून थेट बांधापर्यंत येते.

पालाशयुक्त खतांसाठी भारत सर्वस्वी आयातीवर अवलंबून आहे. स्फुरदाची स्थिती किंचित बरी, पण फार बरी नव्हे. मोरोक्को, जॉर्डन आदी देशांतून कच्चा खडक, फॉस्फोरिक आम्ल किंवा तयार डीएपी या रूपांत त्याचा मोठा भाग येतो. देशातील प्रमुख साठा राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे १९६८ मध्ये सापडला. मध्य प्रदेशात झाबुआ आणि सागर परिसरातही हा खडक आढळतो. नत्र हवेतून मिळवता येते, स्फुरद मिळवता येत नाही आणि त्याला पर्यायही नाही. एक टन गव्हाच्या दाण्याबरोबर सुमारे ८ किलो स्फुरद शेताबाहेर जाते. ते कोठून तरी भरून काढावेच लागते. म्हणून ‘खाणी नकोतच’ ही भूमिका शेतीला परवडणारी नाही.

तथापि या गरजेची किंमत किती, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद असते. (खताच्या परिभाषेत स्फुरद म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइड, वरील गव्हाचा आकडाही त्याच परिमाणातील आहे.) ३० टक्के प्रतीचा खडक धरला तर एका गोणीसाठी साधारण ८० किलो खडक लागतो, प्रत निम्मी असेल तर दुप्पट. फॉस्फोरिक आम्ल तयार करताना दर टन स्फुरदामागे सुमारे ५ टन फॉस्फोजिप्सम उरते, म्हणजे एका गोणीमागे ११५ किलो. खडकापर्यंत पोहोचण्यासाठी उचललेली माती आणि दगड यांचा समावेश या आकड्यांत नाही.

हिशेब चुकला की काय होते, याचे उदाहरण प्रशांत महासागरातील नाउरू बेट आहे. जेमतेम २१ चौरस किलोमीटरच्या या बेटावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी फॉस्फेटचे उत्खनन सुरू झाले आणि ते खत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या कुरणांवर पसरले गेले. बेटाची सुमारे चार पंचमांश भूमी खोदली गेली; मागे उरले चुनखडीचे उघडे सुळके, ज्यांवर पीक घेणे अशक्य. नाउरूने १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा दाखल केला. १९९३ मध्ये तडजोड होऊन भरपाई मिळाली, परंतु माती काही परत आली नाही.

भारतातील खाण नियमांत या मातीची दखल घेतलेली आहे. खाणपट्ट्यातील वरची सुपीक माती वेगळी काढावी, स्वतंत्र साठवावी आणि खोदलेल्या भूमीच्या पुनर्भरणासाठी वापरावी, असे बंधन आहे. खाण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आराखडाही सादर करावा लागतो. अडचण कागदावर नाही, ढिगाऱ्यात आहे. माती उंच ढिगांत वर्षानुवर्षे पडून राहिली की आतील थरांत हवा पोहोचत नाही, मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी क्षीण होते आणि सेंद्रिय कर्ब घटतो. दहा वर्षांनी पसरली जाते ती बहुधा नुसती धूळ. ढीग बुटके ठेवणे, त्यांवर ताग, धैंचा यांसारखी द्विदल आच्छादन पिके घेणे आणि शक्य तेथे माती न साठवता लगेच पुढच्या भागावर पसरणे, हे उपाय कोणत्याही कृषी पदवीधरास ठाऊक असतात. खाण व्यवस्थापनाच्या बैठकीत मात्र तो पदवीधर सहसा नसतो.

ओसाड ढिगारे पुन्हा हिरवे करता येतात, हे नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर दाखवून दिले आहे. साखर कारखान्यांतील प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मायकोरायझा यांच्या साहाय्याने तेथे झाडे उभी राहिली. हे काम निःसंशय मोलाचे आहे. परंतु लावलेली झाडे म्हणजे पूर्वीचे जंगल नव्हे, आणि भरून काढलेला खड्डा म्हणजे पूर्वीचा भूजल प्रवाहही नव्हे. म्हणूनच खाणीस अनुमती देण्यापूर्वीचा विचार महत्त्वाचा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर फॉस्फेट व पालाशासह २४ खनिजांच्या लिलावाचे अधिकार केंद्राकडे आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अशा खनिजांच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट देण्यात आली. घाई समजण्यासारखी आहे. पण गावाची विहीर, चराई आणि ओढा यांची माहिती सुनावणीतूनच नोंदली जात असे. ती नोंद आता कोणी तरी आधीच करून ठेवायला हवी. विस्तार कार्यकर्त्याकडे पीकपाणी, विहिरींची पातळी आणि मृद परीक्षणाचे अहवाल असतात, त्यामुळे हे काम त्याच्याइतके दुसऱ्या कोणास साधणार नाही.

समतोलाचा दुसरा भाग शेतातच आहे. दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकास साधारण १५ ते २० टक्केच मिळते. उरलेले चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कॅल्शियमशी, तर तांबड्या व जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधले जाते. वर्षानुवर्षे डीएपी पडलेल्या शेतांत हा साठा बराच मोठा असतो, तरीही परीक्षणाविना गोणी ओतली जाते. २०० खातेदारांच्या गावात प्रत्येकाने हंगामात एकच अनावश्यक गोणी टाळली, तर १६ टन खडक भूगर्भातच राहतो.

खत फेकून देण्याऐवजी दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याखाली पेरल्यास ते मुळांच्या टप्प्यात राहते. स्फुरद विरघळवणारे जीवाणू शेणखतासोबत दिल्यास बांधलेला साठा काही प्रमाणात मोकळा होतो. पंजाबातील भात-गहू पद्धतीत गव्हास शिफारशीप्रमाणे स्फुरद दिले असेल, तर पुढील भातास ते वगळता येते, कारण पाणी साचलेल्या जमिनीत स्फुरदाची उपलब्धता वाढते. कोकण, केरळ, झारखंड आणि ईशान्येकडील आम्लधर्मी जमिनींत दळलेला रॉक फॉस्फेट थेट वापरता येतो. त्यात आम्ल निर्मितीचा टप्पाच नसल्याने फॉस्फोजिप्समही उरत नाही. दख्खनच्या चुनखडीयुक्त जमिनींत मात्र तो विरघळत नाही, तेथे त्याची शिफारस करणे चुकीचे ठरेल. साचलेल्या फॉस्फोजिप्समचा उपयोग चोपण जमिनी सुधारण्यासाठी होतो. मात्र वापरण्यापूर्वी त्यातील फ्लोराइडचे प्रमाण तपासून घ्यावे आणि मात्रा जमिनीच्या जिप्सम गरजेनुसारच ठरवावी.