फोटोचा सातबारा

मावशी निवृत्त ग्रंथपाल, मुक्काम धंतोली, नागपूर. मराठी विकिपीडियावर ती नेमानं लिहिते. भाचा कॉलेजात शिकतो. कवी ग्रेस यांच्यावरच्या लेखासाठी फोटो चढवायला बसला आणि फॉर्मपाशीच अडला.

भाचा : मावशी, हे काय काय विचारून राहिले! स्रोत, कर्ता, तारीख, परवाना. फोटो तर नेटवर सगळ्यांनाच दिसतो.

मावशी : दिसतो म्हणून तो मोकळा होत नाही. फोटो काढला की त्यावर कॉपीराइटचा हक्क आपोआप येतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, कोपऱ्यात नाव छापावं लागत नाही. हा कोणी काढलाय?

भाचा : ते कुठे लिहिलंय? एका ब्लॉगवर मिळाला. स्रोत म्हणून त्याचाच पत्ता देतो.

मावशी : ब्लॉगवाल्यानं कुठून घेतला? बहुतेक दुसऱ्या ब्लॉगवरून, आणि त्यानं एखाद्या पेपरातून. ज्यानं ग्रेससमोर कॅमेरा धरला, त्या माणसाचं नाव या प्रवासात गळून पडलं. फॉर्म नेमकं तेच नाव मागतोय. या पानाला तू फोटोचा सातबारा समज. मालक कोण, कोणाकडून आला, बोजा कसला, हे सगळं त्यावर चढलेलं पाहिजे.

भाचा : आणि नाहीच कळलं तर?

मावशी : तर कॉमन्सवर चढवायचा नाही. कॉमन्स म्हणजे २००४ साली सुरू झालेलं सगळ्या भाषांच्या विकिपीडियांचं सामायिक भांडार. तिथे ‘फेअर यूज’, म्हणजे हक्काखालच्या चित्राचा परवानगीविना मर्यादित वापर, चालतच नाही. फोटो कोणीही घ्यावा, कापावा, पुस्तकात छापावा, ते पुस्तक विकावं, एवढी मोकळीक परवान्यात हवी.

भाचा : विकावं? हे जरा जास्तच झालं. ‘फक्त विकिपीडियासाठी’ परवानगी आणली तर?

मावशी : ती पुरत नाही, आणि त्याला कारण आहे. उद्या एखाद्या शिक्षकानं विकिपीडियावरचे लेख छापून मुलांना नाममात्र किमतीत दिले, तर मजकूर जाईल आणि फोटो मागे राहील. इथला मजकूर अशा वापराला मोकळा आहे, म्हणून चित्रंही तशीच हवीत. मला हे मनापासून पटतं.

भाचा : पण इंग्रजी विकिपीडियावर सिनेमाची पोस्टरं आहेत, पुस्तकांची मुखपृष्ठं आहेत. ती काय सगळी मोकळी आहेत?

मावशी : नाहीत. तो अपवाद आहे. २३ मार्च २००७ ला विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं ठराव केला की सगळे प्रकल्प मुक्त आशयाचेच असतील. कुठल्या भाषेला थोडी सूट हवी असेल, तर तिनं आपलं धोरण लिहून काढावं आणि ते अगदी तोकडं ठेवावं. हयात माणसांचे फोटो या सवलतीत जवळजवळ बसतच नाहीत, कारण कोणीतरी जाऊन नवा काढू शकतो.

भाचा : ग्रेस तर २०१२ मध्ये गेले.

मावशी : म्हणून त्यांच्या बाबतीत निदान बोलता येतं. इंग्रजीवर असा फोटो ठेवायचा असेल तर लेखी कारण द्यावं लागतं. मूळ कुठला, कोणी काढला, हक्क कोणाकडे, कोणत्या लेखासाठी, तिथे त्याचं काम काय, आणि मोकळा पर्याय का मिळत नाही. एकच फोटो दोन लेखांत लावला तर कारणं दोन, वेगवेगळी. आकारही लहान, साधारण एक लाख पिक्सेलच्या आत. कोणत्याच लेखात नसेल तर सात दिवसांनी उडतो. ग्रेस यांच्या ‘वाऱ्याने हलते रान’ या पुस्तकाचं मुखपृष्ठ घे. त्या पुस्तकावरच्या लेखात ते ओळख पटवायला चालेल. ग्रेस यांच्यावरच्या लेखात केवळ शोभेला लावलंस तर कोणीतरी काढेल, आणि बरोबरच काढेल.

भाचा : मग मी लिहितो, ‘मोकळा फोटो उपलब्ध नाही.’

मावशी : शोधलास कुठे? सगळ्यात जास्त कुचराई याच ओळीत होते. अरे, ग्रेस आपल्या नागपूरचे. ज्यांनी त्यांचे फोटो काढले असतील, त्यातले कितीतरी लोक याच गावात असतील. इथून टिळक पत्रकार भवन किती लांब आहे? तिथे कोणा जुन्या छायाचित्रकाराला एकदा तरी विचारलंस का? न विचारता ‘उपलब्ध नाही’ लिहिणं मला मान्य नाही.

भाचा : पण पेपरातल्या फोटोचा हक्क पेपरच्या मालकाचा ना?

मावशी : तितकं सरळ नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा काढ, कलम १७. वर्तमानपत्राच्या नोकरीत काढलेल्या फोटोचा हक्क मालकाकडे जातो, पण नियतकालिकात छापण्यापुरता. करारात वेगळं काही नसेल तर बाकी हक्क फोटो काढणाऱ्याचा. आणि लग्नाचा फोटो पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतला असेल, तर करार नसल्यास पहिला हक्क काढायला सांगणाऱ्याचा. म्हणजे तुझ्या आजी-आजोबांच्या फोटोचा हक्क स्टुडिओवाल्याकडे नसून आपल्या घरात असू शकतो.

भाचा : अरे बाप्पा! मग जुने फोटो? माझ्या मित्राकडे १९५६ च्या पेपरचं कात्रण आहे, दीक्षाभूमीवरच्या सोहळ्याचं.

मावशी : कात्रण घरात आहे म्हणजे हक्क घरात आहे असं नाही, हे आधी लक्षात ठेव. आता हिशेब कर. भारतात फोटोला प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. १४ ऑक्टोबर १९५६ चा सोहळा, त्याच वर्षी छापलेला फोटो. ती मुदत संपली आणि तो इथे मोकळा झाला.

भाचा : झालं तर मग!

मावशी : थांब. विकिपीडियाचा कारभार अमेरिकेच्या कायद्याखाली चालतो आणि कॉमन्सला फोटो दोन्हीकडे मोकळा हवा असतो. १ जानेवारी १९९६ ला जो फोटो आपल्याकडे हक्काखाली होता, त्याला अमेरिकेनं आपला हक्क बहाल केला, प्रसिद्धीपासून पंचाण्णव वर्षं. म्हणजे हे कात्रण तिथे २०५१ संपेपर्यंत अडकलेलं. १९४१ च्या आधी भारतात छापलेल्या फोटोंना ही अडचण येत नाही, कारण त्यांची तेव्हाची पन्नास वर्षांची मुदत आधीच संपली होती.

भाचा : बाबासाहेबांनी इथे, आपल्या गावात दीक्षा दिली, आणि तो फोटो आपल्याला लावता येत नाही!

मावशी : मलाही ते फार लागतं. पण म्हणून खोटी तारीख टाकायची नाही. कात्रणावर पेपरचं नाव, तारीख, छायाचित्रकाराचं नाव जे दिसेल ते आजच उतरवून ठेव. कागद पिवळा पडतो, कोपरे झडतात, आणि नेमकं नाव कोपऱ्यातच असतं.

भाचा : दीक्षाभूमीच्या स्तूपाचा फोटो तरी मी काढू शकतो?

मावशी : खुशाल. त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इमारतीचा फोटो चालतो, चौकात कायमच्या बसवलेल्या पुतळ्याचाही. आपल्या धंतोलीतला रामकृष्ण मठ काढ, यशवंत स्टेडियम काढ. मात्र स्टेडियमबाहेर टांगलेलं पोस्टर चौकटभर काढलंस तर ते नाही चालायचं. चित्रांना आणि फोटोंना ती सवलत नाही. आणि विदर्भ साहित्य संघात कार्यक्रम असला की आज हयात असलेल्या कवींचे फोटो स्वतः काढ. फोनवरचा चालतो. कर्ता म्हणून तुझं नाव, तारीख त्या दिवसाची. फॉर्म दोन मिनिटांत भरून होतो.

भाचा : ठीक. समज, ग्रेस यांचा फोटो काढणारे कोणी सापडले. त्यांच्याकडून काय घ्यायचं? तोंडी हो म्हणाले तर?

मावशी : तोंडी नको. कॉमन्सच्या परवानगी पाहणाऱ्या स्वयंसेवकांना त्यांनी स्वतः मेल करायचा, त्यांच्याच पत्त्यावरून. कोणता फोटो, मी तो काढला आहे, हक्क माझ्याकडे आहे, आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, तसंच वाटा’ या ४.० परवान्याखाली तो देतो आहे, विकण्याची आणि बदल करण्याची मुभा धरून. पण त्याआधी त्यांच्यासमोर बस आणि या प्रत्येक शब्दाचा अर्थ सांग. एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही. उद्या कोणी तो फोटो कॅलेंडरवर छापून विकला तर त्यांना पैसे मिळणार नाहीत, हेही सांग. ते नको म्हणाले तर नमस्कार करून उठायचं. हो म्हणाले तर मूळ मोठी फाइल माग, तिथे लहान करायची गरज नाही.

भाचा : आणि कर्त्याच्या रकान्यात?

मावशी : त्यांचं पूर्ण नाव, ते सांगतील त्या शुद्धलेखनात.