डुकराच्या पेशींचा उपचार : भाव विचारण्याआधी हे वाचा

घरात मुलाला टाइप वन मधुमेह निघाला की काही दिवसांत कुणीतरी नातेवाईक मोबाइलवर एक बातमी पाठवतोच : डुकराच्या स्वादुपिंडातल्या पेशी शरीरात सोडल्या की इन्सुलिनचं इंजेक्शन सुटतं. आईवडिलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. खर्च किती?

या उपचाराला आज भावच नाही. भारतात तो मंजूर नाही आणि जगातल्या कुठल्याही रुग्णालयात नेहमीचा उपचार म्हणून मिळत नाही. म्हणून कुणी त्याचं ‘पॅकेज’ सांगत असेल, तर घासाघीस न करता तिथून उठा.

कल्पना खरी, पण अर्धवट

डुकराच्या आणि माणसाच्या इन्सुलिनमध्ये फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे. जनुकीय तंत्राने बनवलेलं मानवी इन्सुलिन 1982 मध्ये बाजारात आलं. त्याआधी साठ वर्षं रुग्ण डुकराच्या आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवरच जगले. मग इन्सुलिनऐवजी ते तयार करणाऱ्या पेशीच का देऊ नयेत?

हा प्रयत्न इन्सुलिनच्या शोधापेक्षाही जुना आहे. 1893 मध्ये ब्रिस्टलला एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले होते. तो तीन दिवसांत दगावला. स्वीडनमध्ये दहा रुग्णांना डुकराच्या गर्भातल्या पेशी दिल्या गेल्या, त्याचे निष्कर्ष 1994 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींच्या शरीरात त्या पेशी कित्येक महिने तग धरून होत्या, पण इन्सुलिन कुणाचंच सुटलं नाही. न्यूझीलंडमध्ये पेशींना समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटचं कवच चढवून 1996 पासून प्रयोग झाले. पुढे डुकरं निवडली ती ऑकलंड बेटांवरची, कारण दीर्घकाळ एकटी राहिल्यामुळे त्यांच्यात रोगजंतू कमी होते. तिथेही रोजचं इंजेक्शन कायमचं थांबवणारा उपचार हाती आला नाही.

उद्या आला, तर बिलात काय काय असेल?

फक्त पेशींची किंमत धरली तर हिशेब चुकेल. या तीन गोष्टी त्यात येतील :

1. डुकरं : साध्या गोठ्यातली चालत नाहीत. ती निर्जंतुक बंदिस्त जागेत वाढवून वारंवार तपासावी लागतात.
2. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं : कवच यशस्वी झालं नाही, तर ती पेशी टिकेपर्यंत रोज घ्यावी लागतील. त्यांच्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो आणि तपासण्याही.
3. आयुष्यभराची देखरेख : डुकराच्या जनुकांतच काही विषाणू दडलेले असतात. म्हणून अशा रुग्णांची रक्ततपासणी कायम चालू ठेवावी आणि त्यांनी रक्तदान करू नये, असं अमेरिकी औषध नियामकांचं मार्गदर्शन आहे.

सध्या मानवी पेशींचा मार्ग पुढे आहे. मृत दात्याच्या पेशींपासून केलेल्या उपचाराला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली, पण साखर वारंवार धोकादायक खाली जाणाऱ्या प्रौढांसाठीच. मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी घेतलेल्या 12 पैकी 10 रुग्णांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं, असं 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र त्यांनाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात.

आजचा खरा खर्च

रोज 40 युनिट लागतात असं धरू. पुढचे भाव अंदाजे आहेत. कंपनी आणि दुकानाप्रमाणे ते बदलतील.

* साधं मानवी इन्सुलिन : 10 मिलीच्या बाटलीत 400 युनिट. महिन्याला 3 बाटल्या, सुमारे 150 रुपयांची एक, म्हणजे 450 रुपये.
* पेनमधलं नव्या प्रकारचं इन्सुलिन : 300 युनिटच्या 4 कार्ट्रिज, दोन ते चार हजार.
* साखर तपासण्याच्या पट्ट्या : दिवसाला 4, महिन्याला 120. पंधरा ते पंचवीस रुपयांना एक, म्हणजे 1,800 ते 3,000.
* साखर मोजणारा दंडावरचा सेन्सर : 14 दिवस चालणारा, सुमारे पाच हजारांचा. महिन्याला दोन.
* इन्सुलिनचा पंप : सुरुवातीला काही लाख, शिवाय दरमहा नळ्यांचा खर्च.

साधं इन्सुलिन वापरणाऱ्याला औषधापेक्षा पट्ट्याच महाग पडतात. म्हणून ग्लुकोमीटर घेताना यंत्राची किंमत पाहू नका, एका पट्टीची पाहा. फुकट मिळालेलं यंत्र पट्ट्यांतून पैसे वसूल करतं. जन औषधी केंद्रात आणि जिल्हा रुग्णालयात इन्सुलिनची चौकशी जरूर करा. बाटली मिलीमागे 40 युनिटची असेल तर लाल टोपणाची सिरिंज, 100 ची असेल तर केशरी. यात चूक झाली तर डोस अडीचपट चुकतो.

पैसे देण्याआधी पाच प्रश्न

1. ही चाचणी असेल, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीतला क्रमांक कोणता? तो संकेतस्थळावर स्वतः तपासा.
2. चाचणी आहे, तर पैसे का मागता? प्रयोगाचा खर्च रुग्णावर टाकायचा नसतो.
3. इजा झाली तर? 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे झालेल्या इजेवर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते.
4. माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत मिळेल का?
5. इन्सुलिन बंद करायला सांगणार का? ‘हो’ म्हणाले तर क्षणभरही थांबू नका. टाइप वनमध्ये इन्सुलिन तोडलं की एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

मधुमेह बरा करण्याची हमी देणाऱ्या औषधाची जाहिरात 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने गुन्हा ठरते. फसवणूक झालीच तर पावती, जाहिरात आणि संदेश जपून ठेवा, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोला आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

आणि कुणी दोन लाख आगाऊ मागितलेच, तर ते पट्ट्यांत मोजा. वीस रुपयांच्या दहा हजार पट्ट्या येतात. दिवसाला चार धरल्या, तर मुलाला जवळजवळ सात वर्षं पुरतात.