तांदुळांतील सोंडे व त्यांचें निवारण

आमच्या चिपळुणास वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा सर्द हवेंत श्रावण येतो न येतो तोंच तांदुळाच्या डब्यांत बारीक तपकिरी किडे फिरूं लागतात. ज्या घरीं वर्षाच्या बेगमीवरच भिस्त असते, तेथें ही नासाडी किरकोळ नव्हे. म्हणून या शत्रूचें चरित्र आपण प्रथम समजून घेऊं.

सोंडा, म्हणजेच पोरकिडा, सुमारें ३ मिलिमीटर लांब असून त्याच्या पाठीवर चार तांबूस ठिपके असतात. 'तांदुळांत किडे आपोआप होतात' असें पुष्कळ लोक म्हणतात. कुजक्या पदार्थांतून जीव उपजतात, हा समज एके काळीं युरोपांतही होता. परंतु ज्या मांसावर माशा बसूं दिल्या नाहींत त्यांत अळ्या पडत नाहींत, हें इटलींतील फ्रान्चेस्को रेडी यानें १६६८ सालीं दाखवून दिलें. तांदुळाचेंही तसेंच आहे. सोंड्याची मादी दाण्यास भोंक पाडून आंत एक अंडें घालते व तें भोंक चिकट द्रवानें लिंपून टाकते. अळी दाण्याच्या पोटांतच वाढते, तेथेंच कोश करते आणि उबदार, दमट हवेंत सुमारें महिन्याभरानें किडा दाणा पोखरून बाहेर येतो. अर्थात् सुपांत पाखडून दिसणारे किडे काढले, तरी पुढची पिढी दाण्यांत राहतेच.

यासाठीं उपाय पावसाळ्यापूर्वींच योजिले पाहिजेत.

पहिला उपाय कोरडेपणाचा. दाण्यांतील पाण्याचा अंश शेंकडा १२ हून कमी असल्यास किडीची वाढ मंदावते. भात उन्हांत चांगलें वाळवावें. तांदूळ मात्र कडक उन्हांत फार वेळ ठेवूं नये, कारण दाणा तडकतो.

दुसरा उपाय सांठवणीचा. आमचे वाडवडील भात कणगींत ठेवीत व लागेल तसें कांडून घेत. शाबूत तुसामुळें मादीस दाण्यापर्यंत पोंचणें कठीण जातें. तांदूळच ठेवणें असेल, तर डबा धुऊन, वाळवून, घट्ट झांकणानें बंद करावा. जुन्या तांदुळांत नवा कधींही मिसळूं नये.

कडुलिंबाचा वाळला पाला किडीस दूर ठेवण्यास मदत करितो. पण दाण्यांतील अळी त्यानें मरत नाहीं. थोडा तांदूळ असल्यास तो पिशवींत बंद करून उणें १८ अंशांच्या थंडींत चार दिवस ठेवावा. त्यानें अंडींही मरतात.

बोरिक पावडर पुष्कळ घरीं तांदुळास चोळतात. ती पोटांत जाणें अपायकारक आहे. लहान मुलांस विशेषच. कोठारांत वापरावयाच्या विषारी गोळ्या तर घरांत आणूंच नयेत. त्यांतून निघणारा वायु किड्यांप्रमाणेंच माणसांचेही प्राण घेतो.

विद्यार्थिमित्रांनीं एक प्रयोग अवश्य करावा. वरून स्वच्छ दिसणारे मूठभर तांदूळ कांचेच्या बरणींत घालून तोंडास दाट विणीचें फडकें घट्ट बांधावें आणि महिनाभर रोज निरीक्षण करावें. आंत किडे दिसूं लागल्यास ते कोठून आले, हें मग कोणास विचारावें लागणार नाहीं.