ब्लीचचा वार वेगळा

बाथरूम घासायला जोर लागतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. गुडघे टेकून, ब्रशने खसाखसा, घाम गाळून घासलं की सफाई झाल्यासारखं वाटतं. जोर कमी पडला तर बाटलीतलं औषध जास्त जहाल हवं, ही त्याच समजुतीची पुढची पायरी. आमच्या शॉवरच्या कोपऱ्याने हे दोन्ही उपाय पचवले होते. काचेच्या पार्टिशनवर दुधाळ थर, टाइल्सच्या सांध्यांत काळी बुरशी, तळाच्या सिलिकॉनच्या पट्टीवर ठिपके आणि जाळीभोवती गुलाबीसर बुळबुळीत कड.

घर पुण्याच्या अगदी वेशीबाहेर. सोसायटीला बोअरचं पाणी, उन्हाळ्यात टँकर. पेठेत होतो तेव्हा धरणाच्या पाण्यात साबणाचा फेस धुऊन संपत नसे. इथे वडी झिजते, फेस काही येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आमच्या बादलीच्या काठावरचं पांढरं कडं बघता आम्ही चालवून घेण्याच्या गटात मोडत असणार.

दिवाळीच्या आधी सफाईवाले बोलावले. दोन मुलं आली, त्यातल्या एकाने बाथरूम घेतलं. टॉयलेट साफ करायचं निळं लिक्विड त्याने टाइल्सवर फासलं. पांढरा थर फसफसून सुटू लागला, पण सांध्यातलं काळं हलेना. ‘काकू, ब्लीच आहे का घरात?’ असं विचारून पांढऱ्या कपड्यांसाठी ठेवलेली बाटली घेऊन तो आत गेला आणि घरभर वास पसरायला नको म्हणून दार ओढून घेतलं. भला मुलगा. थोड्या वेळाने आतून खोकला ऐकू आला, मग ब्रश पडल्याचा आवाज, आणि तो दार ढकलून बाहेर आला तो भिंतीला धरूनच. डोळे लाल, नाकातोंडातून पाणी, श्वास पुरता आत जाईना. पोहण्याच्या तलावावर येतो त्याच जातीचा वास पण कितीतरी उग्र, पॅसेजपर्यंत आला होता. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, आत जाऊन नळ तरी सोड.’ आत कुणी गेलं नाही, ते बरं झालं. त्याला गॅलरीत बसवलं, खिडक्या सताड उघडल्या, सासूबाईंना खाली पाठवलं. मग खालच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वाफ दिली, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि मगच सोडलं.

घडलं ते साधं रसायनशास्त्र होतं. टॉयलेटच्या निळ्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने नळकांड्यांतून सोडला होता तोच हा. तो हवेच्या अडीचपट जड असल्यामुळे खाली साचतो, आणि घासणारा माणूस तिथेच उकिडवा बसलेला असतो. निळ्या लिक्विडच्या जागी व्हिनेगर किंवा लिंबू असलं तरी ब्लीचशी गाठ पडल्यावर वायू सुटतोच. काही काच-क्लीनरमध्ये अमोनिया असतो. ब्लीचशी त्याचाही घातक वायू होतो. असं कधी झालंच तर धुवायला थांबू नका, आणखी काही ओतू नका. बाहेर पडा, माणसाला मोकळ्या हवेत न्या, डोळे चुरचुरत असतील तर साध्या पाण्याने धूत राहा. खोकला किंवा दम कमी होत नसेल तर लगेच दवाखाना गाठा.

एवढं होऊनही आठवड्याभरात सांधे पुन्हा काळे दिसायला लागले. नळाची चकाकी मात्र गेली ती गेलीच, आणि सांध्यांतलं सिमेंट जागोजागी भुसभुशीत झालं. आम्ल चुन्याला खातं, आणि सिमेंटमध्ये चुनाच असतो. दारावर विकायला येतं ते सुटं ॲसिड तर मी घरात घेतच नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आणले ते ॲसिडहल्ल्यांमुळे, पण बाथरूमपुरतं बोलायचं तरी ते घरात असण्याचं काही कारण नाही.

त्यानंतर मी जी पद्धत धरली ती सोपी आहे. बाथरूमची घाण ही एक गोष्ट नाही, दोन आहेत, आणि दोघींची औषधं एकमेकांची वैरी. काचेवरचा थर म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा आणि साबणाचा मिळून झालेला चिकटा. त्याला सौम्य आम्ल लागतं. काळी बुरशी सजीव आहे. तिला ब्लीच लागतं. आम्लाचा वार वेगळा, ब्लीचचा वेगळा, मध्ये भरपूर पाणी आणि एक रात्र. आधी आम्लच, कारण बुरशी त्या चिकट्याच्या आडोशाला असते. थर निघाल्याशिवाय ब्लीच तिच्यापर्यंत पोचत नाही.

आम्लासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, पुरतं. एक लिटर कोमट पाण्यात पोह्याच्या चमच्याने तीन-चार चमचे आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. उभ्या काचेवर ते टिकत नाही, ओघळून जातं, ही खरी अडचण. जुन्या सुती साडीचे तुकडे त्यात भिजवून काचेला आणि टाइल्सला चिकटवायचे. सुती कापड ओलं असलं की काचेला छान धरून बसतं. अर्धा तास आपण आपला चहा घ्यावा. कापड सुकू द्यायचं नाही, एवढंच पथ्य. मग तेच कापड फिरवायचं आणि पाणी ओतायचं. वर्षानुवर्षांचा थर एका खेपेत निघत नाही. दोनदा करावं, पण घासू नये, काचेला ओरखडे पडतात. शॉवरची भोकं बुजली असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हेच पाणी भरून शॉवरच्या तोंडावर रबरबँडने बांधायचं. क्रोमच्या शॉवरला अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नका. सोनेरी मुलामा असेल तर बांधूच नका. भोकांभोवती रबरी टोकं असली तर नंतर अंगठ्याने चोळली की पांढरे कण आपसूक गळतात.

इथे एक सावधगिरी. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या न्हाणीघरांत शहाबादी फरशी असते, कट्ट्याला कडाप्पा, कुठे कोटा. हे तिन्ही चुनखडीचे दगड. लिंबूसत्त्व, व्हिनेगर, लिंबाची फोड, काहीही त्यांवर पडलं की तेवढा भाग पांढुरका आणि निस्तेज होतो, आणि तो डाग पुसून जात नाही. संगमरवराचंही तेच. अशा दगडावर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. चकचकीत सिरॅमिक टाइल्सना हा धोका नाही, पण शंका असेल तर दाराआडच्या कोपऱ्यात एक थेंब टाकून पाहावा.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून होणाऱ्या फेसाचं मला कधी कौतुक वाटलं नाही. एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघं एकमेकांना निकामी करतात, फसफस होते ती कार्बन डायऑक्साइडची, आणि हाती उरतं बहुतांशी खारट पाणी. घासायला भुकटी हवी तर नुसता सोडा घ्या, थर काढायचा तर नुसतं व्हिनेगर.

दुसऱ्या दिवशी ब्लीच. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, हातात रबरी मोजे, अंगावर जुने कपडे. एक भाग ब्लीचला चार भाग साधं पाणी, प्लॅस्टिकच्या मगात, लागेल तेवढंच. पातळ केलेलं ब्लीच ठेवून दिलं की त्याचा जोर जातो. गावाकडे विहिरीत टाकायची टीसीएल पावडर असेल तरी ती वापरू नका. क्लोरीन तिच्यातही आहे, पण सांध्यांत चुन्याचा गाळ बसतो. सांधा अरुंद आणि उभा असतो, म्हणून ओतलेलं पाणी तिथेही थांबत नाही. देवघरातल्या समईच्या लांब वाती इथे कामी येतात. वाती ब्लीचमध्ये बुडवून, किंचित पिळून सांध्यावर आणि सिलिकॉनच्या पट्टीवर आडव्या चिकटवत जायचं. कोपऱ्यात बोटाने दाबायचं. तासाभराने काढल्या की खालची काळी रेघ फिकट झालेली दिसते. कुठे उरली तर ताजी वात लावावी. छतावर ब्लीच फवारू नका, डोळ्यांत येतं. वायपरला कापड बांधून पुसा. गुलाबी कड ही बुरशी नव्हेच, सेरॅशिया नावाचा जिवाणू तो. शाम्पू-साबणाच्या उरलेल्या अंशावर पोसला जातो, साबणाने घासून ब्लीचच्या पाण्याने पुसलं की जातो आणि परत येतो.

सिलिकॉनच्या आत शिरलेलं काळं मात्र कशानेही जात नाही. वात दोनदा लावूनही ठिपके तसेच असतील तर पट्टी कटरने कापून काढावी, जागा पूर्ण सुकू द्यावी आणि नवं सिलिकॉन भरावं. मग एक पूर्ण दिवस तिथे पाणी नको. घरात बाथरूम एकच असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवावं.

ही सगळी उठाठेव परत परत करायची नसेल तर ओल टिकू द्यायची नाही. बुरशीला खायला साबणाचा अंश कुठेही मिळतो. तिला आपण अडवू शकतो ते पाण्यावरच. अंघोळ झाल्यावर काचेवरून आणि टाइल्सवरून रबरी वायपर एकदा खाली ओढायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. ते घरातल्या प्रत्येकाने करायचं असतं आणि प्रत्यक्षात एकच माणूस करतो, तो भाग वेगळा. पडदा असेल तर पसरून ठेवावा, गोळा करून नाही. ओला टॉवेल बाथरूममध्ये वाळत घालू नये. साबणाच्या वडीऐवजी लिक्विड बॉडीवॉश वापरला तर दुधाळ थर बराच कमी होतो, कारण क्षारांशी मिळून चिकटा तयार करते ती वडीतली मेदाम्लं.

एक्झॉस्टवर माझा विशेष राग. बहुतेक घरांत तो नुसता आवाज करतो. टिशूचा तुकडा जाळीपाशी धरा; चिकटून बसला तर हवा ओढली जाते आहे, खाली पडला तर पाती आणि जाळी धुवायची वेळ झाली. शिवाय दार घट्ट बंद आणि दाराखाली फट नाही, तर आत येणारी हवाच नाही, मग पंखा बाहेर काय टाकणार? अंघोळीनंतर दार किलकिलं ठेवून पंधरा-वीस मिनिटं पंखा चालू द्यावा. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा खिडकी उघडून फारसं काही साधत नाही. पॅसेजमधला पंखा दाराकडे तोंड करून लावला तर निदान भिंती सुकतात. गॅस गीझर बाथरूमच्या आतच असेल तर हवेची वाट बंद ठेवणं जिवावर बेतू शकतं. तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि त्याला वासही नसतो. बुरशीपेक्षा ते आधी बघा.

आणि छताच्या एकाच कोपऱ्यात, भर उन्हाळ्यातसुद्धा, पुसलेलं काळं पुन्हा येत असेल तर ब्लीचची बाटली खाली ठेवा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, पुढे तारीख लिहा, फोटो काढा. महिन्याभरात डाग रेघेबाहेर सरकला तर बहुधा ओल तुमच्या अंघोळीची नाही, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची आहे. तिथला उपाय वॉटरप्रूफिंगचा, आणि त्याचा खर्च कुणी करायचा हे सोसायटीच्या कमिटीसमोरच ठरतं. वरचे लोक आधी नाही म्हणतील. फोटो घेऊन जा.