पहिल्या उड्डाणाआधी तोल साधा

प्रश्न : रिमोटवरचे मॉडेल विमान कोल्हापूरजवळच्या कळंब्यात पहिल्यांदा उडवायचे आहे. आधी नेमके काय तपासावे?

उत्तर : सर्वांत आधी गुरुत्वमध्य. बॅटरी बसवा आणि सरळ पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्क्यांवर बोटे टेकवून विमान तोला. ते आडवे राहिले पाहिजे. शेपूट जड असेल तर नाक वर जाते, वेग घटतो, पंखांची उचल संपते आणि विमान सावरणे कठीण होते. तोल साधण्यासाठी नाकात शिसे घातल्याने वजन वाढते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून आधी बॅटरी पुढे सरकवून पाहा. तरीही तोल साधला नाही, तर शिसे घालाच. थोडे जड विमान फक्त जास्त वेगाने उतरते, पण तोल चुकलेले विमान कोसळते. शिवाय कळंब्यापासून उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे, त्यामुळे २०२१ च्या ड्रोन नियमांखालील हवाई क्षेत्राचा नकाशा पाहून, परवानगी लागत असल्यास ती घेऊनच उडवा.